चित्राआधी भिंत पाहा

महोदय,

शहराचा चेहरामोहरा बदलायचा म्हटले की आता पहिला हात भिंतींना लागतो. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, पाण्याच्या टाक्या, संरक्षक भिंती रंगू लागल्या आहेत, आणि भित्तिचित्रांचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना याचा आनंदच आहे. अडचण निविदेपासून सुरू होते. तिथे चित्र चौरस फुटांत मोजले जाते आणि उद्घाटन झाले की काम संपले असे धरतात. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, लोक म्हणतात पैसे पाण्यात गेले, आणि बोल कलेला लागतो. पैसे खरोखरच पाण्यात गेलेले असतात, कारण त्या भिंतीत पाणी आधीपासून होते आणि ते कोणी पाहिलेच नव्हते.

भिंतीत पाणी चार वाटांनी शिरते: माथ्यावरून, जमिनीतून, मागच्या मातीतून आणि फुटक्या नळातून. माथ्यावर दोन्ही अंगांना बाहेर आलेली, उतार दिलेली कोपिंग, म्हणजे भिंतीच्या डोक्यावरची झाकणपट्टी, नसेल, किंवा तिच्या खालच्या कडेला पाणी गळून पडण्यासाठी खाच नसेल, तर पाणी थेट चित्रावरून ओघळते आणि काळे पट्टे उमटतात. जमिनीतली ओल बहुधा कंबरेच्या उंचीपर्यंत चढते, म्हणून चित्राचा खालचा भाग आधी जातो. संरक्षक भिंतीचे तर फारच वाईट होते. पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेली छिद्रे पुट्टीने बुजवून सलग चित्र काढलेले अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे मागच्या मातीत पाणी कोंडते, दाब वाढतो आणि भिंत फुगते. छिद्रे उघडीच राहिली पाहिजेत. चित्राची आखणी त्यांना धरून करता येते.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. १८ इंच लांब-रुंद प्लास्टिकचा जाड कागद चारही कडा चिकटपट्टीने बंद करून सावलीतल्या भिंतीवर १६ तास ठेवावा. आतून दव धरले किंवा भिंत काळवंडली तर रंगाचा डबा उघडू नये. लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी दिसत असेल, तर ती कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावी. धुऊ नये; धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतात. दोनेक आठवड्यांनी भुकटी परत आली तर पाण्याचा उगम अजून चालू आहे असे समजावे.

हा उगम शोधायला गेले की तुंबलेले गटार, फुटलेली पन्हळ, जोत्याला टेकवून रचलेला राडारोडा हाती लागतो. चित्र नीट करायचे तर हे सगळे आधी दुरुस्त करावे लागते. आमच्या मते शहराला कलेचा पहिला खरा उपयोग हाच आहे: वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या कोपऱ्याकडे तिच्या निमित्ताने नीट पाहिले जाते. कलेने कायापालट झाला म्हणून स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचे उदाहरण नेहमी देतात. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांचे गुगेनहाइम कलासंग्रहालय तिथे १९९७ मध्ये उघडले. पण त्याआधीच, १९९५ मध्ये, तिथली मेट्रो धावू लागली होती आणि नदीत जाणारे सांडपाणी रोखण्याचे काम त्याच्याही कितीतरी आधी हाती घेतले होते. ही मागची कामे सोडून नुसत्या चकाकत्या इमारतीची नक्कल केली, तर पदरात इमारतच पडते.

आता गिलाव्याविषयी. सिमेंटचा नवा गिलावा किमान २८ दिवस वाळू द्यावा. तो तीव्र अल्कधर्मी असतो. घाईने ऑइलपेंट लावला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो, रंग चिकट होऊन सुटतो. भेगा बुजवायला बाहेरच्या भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिस कधीही वापरू नये, कारण ओलीत ते मऊ पडते. जुना रंग राहू द्यायचा की खरवडायचा, हे ठरवायला त्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला पोपडे चिकटून आले तर गिलाव्यापर्यंत खरवडण्यावाचून इलाज नाही. तळहात घासल्यावर खडूसारखी पूड लागली तर ती झाडून बाहेरच्या कामाचा प्रायमर मुरवावा.

दगडी किंवा उघड्या विटांच्या जुन्या भिंतीवर चित्र काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रंगाचा थर ओल आत कोंडतो, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि पुढे रंग काढताना दगडाचा पृष्ठभागही जातो. चुन्याच्या गिलाव्यावर सिलिकेट रंग उत्तम. १८७८ मध्ये जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी त्यांचे पेटंट घेतले. हे रंग भिंतीतल्या खनिजांशी जखडले जातात आणि वाफ बाहेर जाऊ देतात. मात्र जुन्या ॲक्रिलिकवर ते धरत नाहीत. सिमेंटच्या कोरड्या भिंतीला चांगले ॲक्रिलिक पुरते, पण दर दोन वर्षांनी थरावर थर चढवला की भिंतीचा श्वास कोंडून फोड येतातच.

ऊन सगळ्याच रंगांना सारखे खात नाही. लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, तपकिरी छटा, वर्षानुवर्षे टिकतात. स्वस्त तांबडे, गुलाबी आणि पिवळे सेंद्रिय रंग आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो. म्हणून जुन्या चित्रांतले चेहरे आजारी, निळसर दिसू लागतात. त्वचेच्या छटा ऑक्साइड रंगांतच कराव्यात. फ्लुरोसंट रंग बाहेर वापरूच नयेत. प्रत्येक छटेचे मिश्रण आणि रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा, नाहीतर पुढची डागडुजी ठिगळासारखी दिसते.

चित्र कोण पाहणार, याचा विचार तर जवळजवळ होतच नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. ३० मीटरची भिंत त्याच्या डोळ्यांपुढून तीन सेकंदांत जाते. तिथे मोठे आकार आणि दोन-तीन रंगच हवेत. बारीक कलाकुसर पायी चालणाऱ्यांच्या भिंतीवर करावी. अक्षरांसाठी दर १० फूट अंतराला एक इंच उंची, हा अंदाज चुकत नाही.

लोकसहभाग म्हणून मुलांना परांचीखाली उभे करून ब्रश हातात देणे आणि फोटो काढणे आता थांबावे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९८४ मध्ये भिंती विद्रूप करण्याला आळा घालण्याच्या मोहिमेतून भित्तिचित्रांचा कार्यक्रम उभा राहिला. तिथे न विणलेल्या पातळ कापडाचे पाच फुटी चौकोन आखून, क्रमांक घालून वाटतात. शाळेत, तुरुंगात, वृद्धाश्रमात बसून माणसे ते रंगवतात, आणि मग ते ॲक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवले जातात. ज्यांना परांचीवर चढता येत नाही त्यांचाही हात चित्राला लागतो. चिकटवताना मधली हवा रबरी पट्टीने मधून कडेकडे काढावी लागते. राहिलेला फुगा उन्हात फाटतो.

शेवटी कागदोपत्री गोष्टी. याच फिलाडेल्फियाने १९५९ पासून बांधकामखर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याची वाट घालून दिली. पण पैसा राखणे पुरत नाही, तो कशावर जातो हे महत्त्वाचे. आमची मागणी अशी: अंदाजपत्रकाचा किमान चौथा हिस्सा भिंतीच्या दुरुस्तीला ठेवावा आणि दहावा हिस्सा पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढावा. चित्राचे आयुष्य करारात आधीच लिहावे, आणि मुदत संपल्यावर पुसायचे असेल तर चित्रकाराला लेखी नोटीस देऊन, छायाचित्रे काढू देऊन मगच पुसावे. यात फाजील लाड नाहीत. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढताना मोडले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ते परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवरची चित्रे २०१३ मध्ये मालकाने रातोरात पांढरी केली, त्याबद्दल २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ६७ लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली.

पुढची सुशोभीकरणाची निविदा निघेल तेव्हा नागरिकांनी तिच्यात तीन गोष्टी शोधाव्यात: ओलीची चाचणी कोणी, कधी केली, रंगाचा प्रकार आणि छटांचे क्रमांक लिहिले आहेत का, आणि तिसऱ्या वर्षी डागडुजी कोण करणार. यांपैकी एखादी जरी नोंद नसेल तर हरकत काम सुरू होण्याआधीच लेखी द्यावी, कारण परांची उतरल्यावर ओल शोधायची तर चित्रच खरवडावे लागते.

आपले,
भित्तिचित्रांचे काम करणारे काही चित्रकार आणि गवंडी