पुराची रेषा भिंतीवर दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरात जागतिक वारसा सप्ताह आला की पुण्यात 'हेरिटेज वॉक'ची लगबग सुरू होते. शनिवारवाडा, लाल महाल, नानावाडा, विश्रामबागवाडा हा मार्ग आता बहुतेकांच्या पायाखालचा झाला आहे. हे उपक्रम चांगले आहेत आणि ते व्हावेतच. मात्र आपल्या स्थानिक इतिहासाची गाडी पेशवाईच्या अखेरीला थांबते, फार तर लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत येते. आज हयात असलेल्या माणसांनी स्वतः भोगलेला, शहराचा नकाशा बदलून टाकणारा पानशेतच्या पुराचा दिवस, १२ जुलै १९६१, या कार्यक्रमांत कुठेच नसतो. त्या तारखेला वर्तमानपत्रांत एखादी आठवण छापून येते आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांनी, पेठांतील गणेश मंडळांनी आणि मोहल्ला समित्यांनी मिळून हा दिवस दरवर्षी नागरिकांचा कार्यक्रम म्हणून पाळावा आणि त्याचा गाभा भाषणे नव्हे, तर पुराच्या पातळीच्या खुणा असाव्यात, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून होण्याआधीच त्या पावसाळ्यात भरले आणि विमोचकावरचा, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गावरचा, भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते शक्य तितका वेळ तगवले. तरीही १२ जुलैच्या सकाळी ते फुटले आणि ते पाणी पोटात घेताना खाली मुठेवरचे, १८७९ च्या सुमारास पुरे झालेले खडकवासल्याचे धरणही त्याच दिवशी फुटले. जवानांच्या त्या पोत्यांमुळे लोंढा शहरात मध्यरात्री न येता दिवसाउजेडी आला. हजारोंचे प्राण वाचले ते यामुळे, असे जुनी माणसे आजही सांगतात आणि ते मनोमन पटते. डेक्कन, नारायण, शनिवार आणि कसबा या भागांत पाणी शिरले, लकडी पूल बुडाला आणि खडकवासलाच रिकामे झाल्याने शहराचे नळ कोरडे पडले. त्या दिवसांत वाड्यांतल्या विहिरी आणि आड यांनी पेठांना तारले.

या पुराला फक्त नदीकाठची गोष्ट समजणे चुकीचे आहे. गोखलेनगरातील निसेन हट (अर्धगोल छपरांची घरे), लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी आणि पर्वतीच्या पायथ्याशी वसलेल्या पूरग्रस्तांच्या सोसायट्या हे सारे त्या एका दिवसाचे देणे आहे. शहर नदीपासून टेकड्यांकडे सरकले त्याचे एक मोठे कारण हा पूर होता. पूरग्रस्तांच्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न कित्येक दशके कागदोपत्री रेंगाळत राहिला, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो सांगायला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उपयोगाचा नाही.

आता मुद्दा खुणांचा. नारायण पेठेत आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून आत शिरताना डाव्या हाताच्या दगडी भिंतीवर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, छिन्नीने मारलेली एक आडवी रेघ होती. तिच्यात लाल ऑइलपेंट भरलेला असे आणि वाड्याच्या रंगरंगोटीच्या वेळी तो न चुकता पुन्हा भरला जाई. नव्या बिऱ्हाडकरूला वाड्याचे नियम सांगण्याआधी ती रेघ दाखवण्याची पद्धत होती. वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा करारात पार्किंगचा, लिफ्टचा आणि पाण्याच्या टाकीचा तपशीलवार उल्लेख होता. रेघेचा उल्लेख करावा हे कोणालाच सुचले नाही. ज्या उंचीवर ती होती, तिच्या खाली आज दुचाकी लावल्या जातात आणि विजेचे मीटर बसवले आहेत. पुनर्विकास होऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. गळक्या छपराखाली राहून वारसा जपा, असा सल्ला इतरांना देणे सोपे असते. परंतु पाडकामाबरोबर शहराची स्मरणशक्तीही ट्रकमध्ये भरून जाते, त्यावर काही उपाय करायला काय हरकत आहे?

याची निकड केवळ भावनिक नाही. सांगलीचा माणूस कृष्णेचा पूर फुटांत बोलतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी येते, हे घराघरांत पाठ असते. आपण पुणेकर मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असे बोलतो. "खडकवासल्यातून किती सोडलं?" हा पावसाळ्यातला आपला पहिला प्रश्न, आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की छत्री घेऊन पूर बघायला जाणे हा आपला जुना छंद. पण अमुक हजार क्युसेक म्हणजे माझ्या जिन्याची कितवी पायरी, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोक पहाटे जागे झाले ते घरात आलेल्या पाण्याने. विसर्गाचे आकडे तेव्हाही जाहीर होतच होते. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत, पण सामान्य माणूस त्या पाहतो तो घर घेताना एखाद्या वकिलाने सांगितले तरच.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, थोर व्यक्तींच्या घरांवर महापालिका ज्याप्रमाणे नील फलक लावते, त्याप्रमाणे लकडी पूल, नवा पूल (शिवाजी पूल), ओंकारेश्वर आणि कसब्याचा उतार अशा ठिकाणच्या सार्वजनिक भिंतींवर १९६१ ची पातळी कायमची कोरावी. त्याखाली वेगळ्या रंगात अलीकडच्या पुरांच्या पातळ्याही असाव्यात. ही वेगळीक आवश्यक आहे, कारण १९६१ चा लोंढा धरण फुटल्याचा होता आणि दरवर्षीच्या विसर्गाशी त्याची गल्लत झाली तर सावधगिरीऐवजी घबराट पसरेल. पानशेतनंतर अफवांनी काय केले, हे त्या पिढीला विचारावे. खुणा अंदाजाने मारून चालणार नाही. पाण्याला प्रवाहाच्या दिशेने उतार असतो, त्यामुळे दत्तवाडीची उंची कसब्याला लावता येणार नाही. प्रत्येक टप्प्यात एक तरी विश्वासार्ह जुनी खूण, छायाचित्र किंवा साक्ष शोधून, तिथून लेव्हल यंत्राने उंची पुढच्या भिंतींवर न्यावी लागेल. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचा याहून जिवंत पाठ कोणता मिळणार?

१२ जुलैला या खुणांवरून पदयात्रा काढावी. पावसात कोण येणार, असे कोणी म्हणेल. पूर बघायला पुलावर उभे राहणारे पावसातच येतात. त्याच सकाळी नदीकाठच्या सोसायट्यांत अग्निशामक दलाने स्थलांतराचा सराव घ्यावा, म्हणजे इतिहास आणि पूर्वतयारी अशी दोन कामे एका खर्चात होतील. गणेश मंडळांकडे कार्यकर्ते आहेत, मांडव आहेत आणि घराघरांतली ओळख आहे. त्या वर्षीच्या देखाव्यासाठी हा विषय घेतला तरी हरकत नाही, फक्त थर्माकोलच्या धरणाऐवजी आपल्याच गल्लीतली पातळी दाखवली तर बरे.

या कामाला मुदत आहे, ती वयाची. १९६१ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. पाणी कुठल्या फळीपर्यंत आले आणि कुठल्या कोनाड्यातला देव वाचला, हे बोट ठेवून सांगू शकणारी हीच शेवटची पिढी आहे. क्षेत्रीय कार्यालयाकडून या कामाला आदेश निघायला किती काळ लागेल, ते सांगता येत नाही. म्हणून आपल्या वर्तमानपत्राने तरी जुलैपूर्वी एक आवाहन छापावे, ही विनंती. वाचकांनी घराचा त्या वेळचा पत्ता, पाणी चढलेली जागा आणि जवळ असल्यास छायाचित्राची प्रत पाठवावी. पेठवार लावलेली एवढी यादी हाती आली, तरी विद्यार्थ्यांना पहिली लेव्हल कुठून घ्यायची ते ठरवता येईल.

आपला,
नारायण पेठेतील एक वाचक,
पुणे ३०