नायब तहसीलदार झालेल्या लेकीस

लातूर
गुरुवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी शेजारच्या काकांनी पेपर आणून दिला आणि आतल्या पानावर बोट ठेवलं. वाळूचा ट्रॅक्टर पथकाच्या अंगावर घालण्याचा प्रयत्न, महिला नायब तहसीलदार थोडक्यात बचावल्या. तालुका तुझा, नदी तुझी, रविवारची रात्र. सोमवारी सकाळी तू माझ्याशी फोनवर चांगली निवांत बोललीस. बाळ्याच्या परीक्षेचं विचारलंस, आजीच्या वर्षश्राद्धाला रजा मिळणं अवघड आहे म्हणालीस, पण हे बोलली नाहीस. का बोलली नाहीस ते मला कळतं. तुझ्या आईला मी अजून पेपर दाखवलेला नाही. उद्या दाखवीन.

फोनवर माझा आवाज नीट राहणार नाही, म्हणून लिहितो आहे. नोकरी सोड, बदली माग, असलं काही या पत्रात नाही, हे आधीच सांगतो. मला फक्त एवढंच कळायला हवं की बरोबर पोलीस होते का. बातमीत 'महसूल पथक' एवढंच आहे. म्हणजे तू, तलाठी, कोतवाल आणि ड्रायव्हर, एवढेच होता का नदीत?

असो. मला आजीबद्दल लिहायचं होतं.

तू धाराशिवला गेलीस की जुनी पेन्शनर मंडळी तुला थांबवून तिच्या गोष्टी सांगतात. बाईसाहेब कुणाला भीत नव्हत्या, आमदार समोर बसलेला असला तरी नियमाचं पान उघडून दाखवायच्या. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलेली बाई खात्याच्या परीक्षा देत देत उपजिल्हाधिकारी होऊन निवृत्त झाली, आणि तीही अशा काळात, की तहसीलमध्ये बाईमाणूस दिसलं तर लोक विचारायचे, कुणाची अर्जी घेऊन आलात? मला त्याचा किती अभिमान आहे, हे तिला समोर बसवून कधी सांगता आलं नाही. आमच्या पिढीला तसं बोलायची सवयच नव्हती. पण ऑफिसातली माणसं तिला ऑफिसात बघायची. मी घरात होतो.

१९७२ च्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांचा असेन. आई तेव्हा अव्वल कारकून. खडी फोडण्याची कामं, पाझर तलाव, नालाबंडिंग, या कामांवरचे हजेरीपट तपासायला तिला पाठवायचे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, हे मी मोठेपणी वाचलं. तेव्हाचं मला आठवतं ते एवढंच, की आमच्या आणि कामावरच्या माणसांच्या ताटात एकच भाकरी असायची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची. गार झाली की दातानं तुटायची नाही. कामावरच्या लेकरांना सुकडी मिळायची. एकदा मुकादमानं माझ्यासाठी म्हणून सुकडीचा पुडा आईच्या पिशवीत टाकला. घरी आल्यावर तो निघाला, मी हात पुढे केला, आणि तिनं तो पुन्हा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी हजेरीपटाबरोबर परत नेला. आण्णा म्हणाले, एवढा एक पुडा, पोरगं बघ कसं बघतंय. ती म्हणाली, खडी फोडणाऱ्यांच्या लेकरांचा आहे तो. मग माझ्यासाठी गुळाचा खडा शोधत बसली.

हजेरीपटावर खोटी नावं असायची. ती पकडायला ती कुणाच्या मागे धावली नाही. दुपारी सगळे भाकरी खायला एका जागी बसले की जायची, पट उघडायची, एकेक नाव पुकारायची. 'हाय जी' म्हणेल त्याच्यापुढे खूण. उरलेल्या नावांखाली मुकादमाची सही. यातून एकदा घरी निरोप आला, की बाईंना म्हणावं, रस्त्यानं जपून जात जा. आण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. आईनं काय केलं, तर तो निरोप कुणी आणला, कधी आणला, शब्द काय होते, सगळं कागदावर लिहून तहसीलदारांना दिलं, आणि त्या दिवसापासून कोतवाल बरोबर असल्याशिवाय ती गाव सोडून निघाली नाही. ताई, तिला कुणी धमकी दिली तर ती ती खरी मानायची. तुला गोष्टी सांगणाऱ्यांना हे माहीत नाही.

तिच्या दैनंदिन्या मी या पावसाळ्यात ट्रंकेतून काढून वाळवल्या. दौऱ्यावरून आली की पाय धुवायची आणि जेवायच्या आधी ती वही लिहायची, ते तुलाही आठवत असेल. निवृत्तीनंतरसुद्धा बँकेत जाऊन आली तरी लिहायची. कुठून निघाले, किती वाजता, सोबत कोण, परत किती वाजता. मी पानं उलटत गेलो. 'सोबत' पुढची जागा मला कुठेच रिकामी दिसली नाही. रात्रीचे दौरे आहेत, पण पोलिसाच्या नावाशिवाय रात्रीचा दौरा नाही.

तू म्हणशील, बाबा, आमच्याकडे बंदोबस्त मागितला की येईपर्यंत वाळू गावाबाहेर गेलेली असते. कधी आपल्याच माणसांतून बातमी फुटते. मी ऐकून आहे. तरीही, ट्रॅक्टरच्या आडवं उभं राहू नकोस. नंबर घे, फोटो घे, जाऊ दे त्याला. जमीन महसूल संहितेचं कलम ४८ उद्या सकाळीही तिथंच असतं, पाचपट दंड लावता येतो, वाहन जप्त करता येतं. बंदोबस्ताच्या मागणीचं पत्र लेखी दे, आवक नंबर घे, नाही आले तर तेही पंचनाम्यात लिही. आणि रात्री एक वाजता नदीत उतरण्याआधी निदान...

हे सगळं तुला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. माझ्यापेक्षा तुला संहिता जास्त येते. रागावू नकोस, ओघात लिहिलं गेलं.

किल्लारीच्या भूकंपाचं तुला पुरतं कधी सांगितलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तावरून आई उशिरा घरी आली होती. तेव्हा आम्ही उस्मानाबादला. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी फडताळातली भांडी खाली आली. तिनं आम्हाला अंगणात काढलं, आत्याला, आण्णांना, मला, नावं घेऊन मोजलं, आणि उजाडायच्या आत कचेरीत गेली. मग सास्तूरकडे. चार दिवसांनी मी तिच्यासाठी लुगडी आणि औषधं घेऊन गेलो. पाऊस थांबत नव्हता. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच झोपलेल्या माणसांवर आलं होतं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. एकेका गावात सरण एकाच ठिकाणी रचत होते. मी त्यावर जास्त लिहू शकत नाही.

आई एका पत्र्याच्या पेटीवर बसली होती, वर प्लास्टिकचा कागद धरलेला. मयतांची आणि वारसांची नावं लिहीत होती. अख्खं घर गेलेलं असायचं, नातं सांगायलाही कुणी नाही, मग दुसऱ्या गावचा सोयरा शोधून आणायचा. मी असताना एक म्हातारा आला. बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळ्यांची नावं त्यानं सांगितली, आणि मग बैलांची सांगितली. तक्त्यात जनावरांची नुसती संख्या लागते. आईनं समासात दोन्ही बैलांची नावं लिहिली. तो पुढे वाकून बघत होता, त्याला वाचता येत नव्हतं, तर तिनं ती त्याला वाचून दाखवली.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं, ते जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. भिंत पडताना तिनं सातबारा बघितला नव्हता, म्हणायची. पण ठरलेलं राबवायचं काम तिचं होतं आणि तिनं ते राबवलं. अनाथ लेकरांचे मदतीचे पैसे चुलते-मामांच्या हातात न जाता त्यांच्याच नावावर ठेवले जावेत म्हणून मात्र ती वर्षानुवर्षं भांडली. त्यातल्या मुलींच्या लग्नाच्या पत्रिका आपल्याकडे यायच्या. तू एका लग्नाला तिच्याबरोबर गेली होतीस, बुंदी खाऊन आजारी पडलीस.

मला २५ जानेवारी २०११ ची संध्याकाळही आठवते. मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळल्याची बातमी टीव्हीवर आली. दिवसाउजेडी. आई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. ती जेवली नाही. म्हणाली, त्यांच्या घरचे काय करत असतील आत्ता. तेव्हा तू शाळेत होतीस, समोर बसून गृहपाठ करत होतीस, आणि मी तुझ्याकडे बघत होतो. तू याच खात्यात जाशील असं तेव्हा कुणाला वाटलं असतं? आजीला वाटलं असेल. तुझा निकाल लागला तेव्हा तिला नीट ऐकू येत नव्हतं, मी पाटीवर लिहून दाखवलं. तिनं पाटी माझ्या हातातून घेऊन सगळ्या वॉर्डाला दाखवली.

तुझ्या पहिल्या पगाराची चिठ्ठी तू तिला पाठवलीस ते फार बरं केलंस. २०० रुपये व्यवसाय कर कापलेला बघून ती म्हणाली, हा रोजगार हमीसाठी आणला होता, १९७५ साली. तिच्या चिठ्ठीतला हा आकडा ती दर महिन्याला आण्णांना दाखवायची. आपण कुणाच्या तरी भाकरीत आहोत, याचं तिला सुख होतं.

लहानपणी मी उंबऱ्यावर बसून जीपची वाट बघायचो. कितीही अंधार असला तरी सरकारी जीप आणि टेम्पो यांचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. आता साठीला आलो, आणि पुन्हा तेच. फोन टेबलावर उलटा ठेवून झोपतो. मला तुझं काम थांबवायचं नाही, ताई. रविवारी रात्री तू त्या पात्रात उभी होतीस हे वाचून माझी छाती भरून आली, आणि त्याच वेळी हात कापत होते. दोन्ही खरं आहे.

वर्षश्राद्धाला नाही आलीस तरी चालेल. आजीच रागावली असती, कामाच्या दिवशी रजा टाकली तर. दिवाळीला ये. तुझी आई कडबोळी आणि शेंगदाण्याची चटणी पार्सलनं पाठवते आहे, जेवणाच्या डब्याचं काय ठरलं ते कळव. बाळ्याचा पेपर बरा गेला म्हणतो.

तुझे बाबा

ता. क. तुझ्या जीपच्या ड्रायव्हरचा मोबाइल नंबर मला पाठव. तलाठ्याचाही. मी त्यांना उगाच फोन करणार नाही. रात्री निघशील तेव्हा 'निघाले' आणि आल्यावर 'आले', एवढंच लिहीत जा, आणि बरोबर कोण आहे ते.