तुंगुरावाच्या कुशीतून

बान्योस दे आग्वा सांता, इक्वेडोर
14 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निघण्यापूर्वी फोनवर तू मला विचारले होतेस, की गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला डॉक्टरांनी गडकिल्ले बंद केले आहेत, त्याने आता डोंगराच्या गोष्टी कशासाठी ऐकायच्या. तुझा आवाज नेहमीसारखा नव्हता आणि मला त्या क्षणी काहीच उत्तर सुचले नाही. आज या गावात माझा नववा दिवस आहे. तुझा तो प्रश्न मी रोज बरोबर घेऊन फिरलो आहे, म्हणून पुन्हा फोन करण्याऐवजी सविस्तर लिहायला बसलो आहे.

किटोमध्ये उतरल्यावर पहिले दोन दिवस माझे डोके सतत दुखत होते. ते शहर 2,850 मीटर उंचीवर आहे आणि जिना चढतानाही धाप लागते. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या कितुंबे स्थानकावरून बस धरली. लाताकुंगा, अंबातो अशी शहरे मागे टाकत, डावीकडे कोतोपाक्सीचे बर्फ क्षणभर दाखवत, जीन्सच्या कापडाने दुकानेच्या दुकाने भरलेल्या पेलिलेओतून ती बस साडेतीन तासांत इथे खाली उतरली. खाली म्हणजे 1,820 मीटरवर. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे, तेव्हा ज्या शिखरावर आपण दोघांनी थंडीत कुडकुडत सूर्योदय पाहिला, त्याच्याही वर हे अख्खे गाव वसलेले आहे. तरीही किटोच्या मानाने हवा इतकी दाट आणि ओलसर, की त्या रात्री मी नऊ तास झोपलो. अँडीजची पूर्वेकडची रांग चिरून पास्तासा नदी ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे निघते, त्या चिरेतच हे गाव बसले आहे. खालच्या जंगलातली वाफ याच वाटेने वर येते, थंड होते आणि कड्याकड्यांवरून धबधबे होऊन कोसळते. सह्याद्रीत आपल्याला जे चार महिने मिळते, ते इथे वर्षभर चाललेले असते.

आता मूळ गोष्ट सांगतो. हे गाव तुंगुरावा या 5,023 मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या अगदी पायथ्याशी आहे, हे मी वाचून आलो होतो. पहिल्याच सकाळी खिडकी उघडली, सगळीकडे हिरवे कडे दिसले, पण शिखर कुठेच दिसेना. ज्यांच्या घरी उतरलो आहे त्या मावशींना मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, तेव्हा त्यांनी घरामागच्या उभ्या चढणीकडे बोट केले आणि म्हणाल्या, "ती वर आहे. इथून दिसत नाही." गाव डोंगराच्या इतके पोटाशी बिलगलेले आहे, की मधल्या सोंडेमुळे गावातून डोंगरच दिसत नाही. आणि "ती" हा शब्द त्यांच्या तोंडून चुकून आलेला नव्हता. इथले लोक या पर्वताला 'मामा तुंगुरावा' म्हणतात, म्हणजे आई. आणि पश्चिमेकडचा 6,263 मीटरचा चिंबोरासो हा 'ताइता', म्हणजे बाप. दोघे नवराबायको आहेत, असे जुन्या कथा सांगतात.

न दिसणाऱ्या या आईची ओळख मला प्रथम पाण्यातून झाली. गावाच्या एका कडेला 'कुमारी मातेचे केस' अशा अर्थाचे नाव असलेला एक लांब पांढरा धबधबा कड्यावरून उतरतो आणि त्याच्या तळाशी नगरपालिकेची गरम पाण्याची कुंडे आहेत. जमिनीखालच्या उष्णतेने तापलेले, खनिजांमुळे पिवळसर तांबूस दिसणारे पाणी. पोहण्याची टोपी घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. प्रवासी संध्याकाळी येतात, पण गावातली माणसे पहाटे, अंधार असतानाच येतात, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही पहाटेच जाऊ लागलो. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या म्हाताऱ्या, कामावर जाण्यापूर्वी आलेले चालक, कुणाच्या पाठीवरचा जुना व्रण, पाण्यावरची वाफ आणि शेजारी अखंड कोसळणारा तो थंड धबधबा. फारसे कुणी बोलत नाही. उन्हवऱ्याच्या कुंडावर दापोलीहून आपण गेलो होतो ते मला आठवले. तिथेही पहाटे येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हाच भाव होता. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ रोज दोन्ही गुडघे हातांनी चोळत बसतात. गरम पाण्यात सोसवेल तेवढे थांबायचे, मग धबधब्याच्या गार पाण्याखाली उभे राहायचे, पुन्हा गरम पाण्यात यायचे, हा क्रम त्यांनीच मला शिकवला. त्यांना पाहताना प्रत्येक वेळी मला तू आठवत होतास, हे मी इथे स्पष्टच लिहितो.

सांध्यांसाठी इथे आणखी एक जुना उपचार मिळतो. लाकडी पेटीत बसवतात, डोके तेवढे बाहेर राहते, आत निलगिरीच्या पानांची वाफ सोडतात आणि मधूनमधून बाहेर काढून गार पाण्याच्या टॉवेलने अंग पुसतात. अर्धा तास झाल्यावर मी बाकावर बसलो तेव्हा शरीरात एकही गाठ उरली नव्हती.

पास्तासाच्या पाण्यात रबरी होड्या हाकणे, ओढ्यांच्या घळीतून दोराने उतरणे, पुलावरून दोर बांधून उडी घेणे असे पुष्कळ प्रकार इथे चालतात आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर त्यांचे फलक लावलेले आहेत. मी त्यांतला होडीचा अनुभव तेवढा घेतला आणि तो चांगला होता. पण ज्या दिवसाबद्दल तुला सांगायलाच हवे, तो सायकलचा.

इथून पूर्वेला पुयोपर्यंत सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता जातो आणि त्याला धबधब्यांचा मार्ग म्हणतात. बहुतेक लोक पहिले सतरा-अठरा किलोमीटर, रिओ वेर्दे गावापर्यंत जातात. रस्ता बहुतांशी उताराचाच आहे. आधी आगोयानचे धरण लागते. 1987 सालापासून इथे 156 मेगावॅट वीज तयार होते. पुढे डोंगरातून बोगदे काढले आहेत, पण सायकलवाल्यांसाठी बहुतेक ठिकाणी बाहेरून, दरीच्या कडेने जुना रस्ता ठेवला आहे. एका बाजूला कड्यावरून अंगावर पडणारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली खोल घुमणारी पास्तासा, अशा वाटेवरून मी चाललो होतो. एका ठिकाणी तारेवरून दरी ओलांडणारा पाळणा आहे. त्याला 'ताराबिता' म्हणतात. गाडीच्या जुन्या इंजिनासारखा आवाज करत तो सुटतो आणि 'नवरीचा शेला' नावाच्या धबधब्यासमोरून पलीकडे नेतो. मला भाड्याने मिळालेल्या सायकलचा मागचा ब्रेक वाटेत निकामी झाला, तेव्हा दोन उतार मी चालत उतरलो. त्यामुळे उलट कड्यांवर वाढलेली ऑर्किडे आणि फुलांपुढे हवेत स्थिर राहणारे गुंजनपक्षी मला नीट पाहता आले.

रिओ वेर्देला सायकल ठेवून वीसेक मिनिटे जंगलातून खाली उतरले, की 'पायलोन देल दियाब्लो', म्हणजे सैतानाची कढई. सुमारे 80 मीटर उंचीवरून संपूर्ण नदी एका दगडी रांजणात पडते. कड्यात खोदलेली अरुंद वाट जवळजवळ रांगत, धबधब्याच्या मागेपर्यंत जाते. तिथे उभा राहिलो तेव्हा समोर फक्त पाण्याची भिंत होती आणि छातीच्या पिंजऱ्यात तिचा आवाज घुमत होता. मित्रा, एवढी वर्षे आपण पावसाळ्यात धबधब्यांच्या शोधात हिंडलो, पण पाण्याची अशी ताकद मी कधी अनुभवली नव्हती. परतीचा चढ कुणी सायकलने चढत नाही. छोटे ट्रक सायकलींसकट माणसांना थोड्या पैशांत गावात आणून सोडतात.

त्या संध्याकाळी भिजलेले कपडे चुलीपाशी वाळत घालताना मावशींनी 1999 ची हकिकत सांगितली. 1918 नंतर शांत असलेली तुंगुरावा त्या वर्षी जागी झाली. राखेचे लोट उठू लागले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने बान्योस आणि आसपासची गावे रिकामी करण्याचा हुकूम काढला. सुमारे 25,000 माणसे घरेदारे, कोंबड्या, शेतातली टोमॅटोची झाडे टाकून निघाली. हे झाडावरचे टोमॅटो अंड्याएवढे आणि आंबटगोड असतात आणि त्यांचा रस इथे रोज सकाळी पितात. सैन्याने रस्ते बंद केले. त्याच वर्षी देशातल्या बँका कोसळल्या होत्या, लोकांच्या ठेवी गोठवल्या गेल्या होत्या आणि थोड्याच दिवसांत देशाचे स्वतःचे चलन जाऊन डॉलर आला. म्हणजे घर गेले, पैसा अडकला आणि परक्या शहरात दिवस काढायचे. मावशी तेव्हा विशीत होत्या. अंबातोला नातेवाइकांकडे एका खोलीत त्यांचे नऊ जणांचे कुटुंब राहिले. दिवसांमागून दिवस गेले, डोंगर धुमसत राहिला, पण गावावर काही आले नाही. अखेर जानेवारी 2000 मध्ये गावकऱ्यांनी एकत्र येऊन सैन्याचा पहारा मोडला आणि ते आपापल्या घरी परतले.

"भीती वाटली नाही का?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "वाटली. पण त्या परक्या शहरात आम्ही कुणीच नव्हतो."

परतणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले असते, तर या गोष्टीचे मला एवढे मोल वाटले नसते. पण त्यांनी पहारा सुरू केला. डोंगराच्या सभोवती उतारांवर राहणारे शेतकरी 'विहिया', म्हणजे राखणदार झाले. त्यांना बिनतारी यंत्रे दिली गेली आणि रोज रात्री एकेक जण आपल्या बाजूची खबर देऊ लागला: राख पडली का, ओढ्यातून दगडमाती आली का, आवाज कसा आहे. भूगर्भ संस्थेचे शास्त्रज्ञ आपल्या वेधशाळेतून ती खबर ऐकत आणि यंत्रांवरच्या नोंदींशी ताडून पाहत. डोंगर पुढे सोळा वर्षांहून अधिक काळ थांबून थांबून जागा राहिला. ऑगस्ट 2006 मध्ये सर्वांत मोठा उद्रेक झाला, तप्त राखेचे प्रवाह पश्चिमेच्या उतारांवरून उतरले आणि तिकडच्या वस्तीतली काही माणसे गेली. बान्योस वाचले. 2016 नंतर उद्रेक झालेला नाही, तरी रस्त्यारस्त्यांवर सुरक्षित जागेकडे नेणारे बाण रंगवलेले आहेत. ज्या गावाला आपला डोंगर दिसत नाही, त्याने वर राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांवर भिस्त ठेवली, हे मला इथल्या कुठल्याही धबधब्यापेक्षा थोर वाटते.

असाच एक पहाऱ्याचा थारा वर सुमारे 2,600 मीटरवर, झाडावर बांधलेल्या खोपीत होता. आज तिथे दरीवर झेपावणारा झोपाळा आहे आणि त्यासाठी रांगा लागतात. मी काल भल्या सकाळी पहिल्या बसने गेलो. होय, तिथपर्यंत बस जाते, एक पाऊलही चढावे लागत नाही. तासभर ढगच होते. मग एकाएकी पडदा सरकला आणि ती समोर उभी होती: राखाडी, उघडी, वर नावालाही बर्फ नाही, पूर्वी शिखरावर असलेले बर्फ उद्रेकांत गेले. झोपाळ्यावरची पोरे ओरडायची थांबली. इतके दिवस जिच्या पाण्यात मी बसत होतो आणि जिची हकिकत ऐकत होतो, तिला मी पाच मिनिटे पाहिले आणि ढग पुन्हा आले. मला तिच्यावर चढावेसे वाटले नाही. एखाद्या डोंगराचा आपण इतका सहवास घेऊ शकतो आणि त्यात चढाईचा भाग जवळजवळ नसतो, हे मला या वयात प्रथमच कळले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे बाकावर बसल्या बसल्या मिळाले.

म्हणून पुढच्या वर्षी याच महिन्यांत तू ये, असा माझा आग्रह आहे. जून ते ऑगस्ट इथे पाऊस फार असतो. जेवणाची काळजी करू नकोस: चीज भरलेले बटाट्याचे यापिंगाचो, बटाट्याचे दाट सार, उकडलेला मका सगळीकडे मिळतो. दगडी बांधणीच्या चर्चमध्ये एक दुपार काढू. भिंतींवर मोठमोठी चित्रे आहेत, त्यांत नदीत पडलेली, आगीत सापडलेली, ज्वालामुखीच्या राखेत हाक मारणारी साधी माणसे आणि त्यांना वाचवणारी कुमारी माता रंगवलेली आहे.

दुकानांच्या दारांत इथे दिवसभर एक धपधप चालू असते. उसाचा पाक आटवून त्याचा गोळा चौकटीवरच्या लाकडी खुंटीला अडकवतात, हातभर ओढतात, पुन्हा खुंटीवर फेकतात, पुन्हा ओढतात. तपकिरी पाकाचा रंग हवा शिरत जाऊन सोनेरी, मग जवळजवळ पांढरा होतो. त्याला 'मेल्कोचा' म्हणतात. आपल्या जत्रेतला रेवडीवाला खिळ्याला पाक अडकवून ओढायचा तसेच अगदी, आणि वासही गुऱ्हाळाचाच. तुझ्यासाठी दोन जुड्या घेतल्या आहेत. डिसेंबरात माझा भाचा पुण्याला येतो आहे, त्याच्या हाती पाठवतो. उन्हात ठेवू नकोस, चिकट होतात. मऊ असतानाच खा आणि वहिनींनाही दे.

तुझा,
सह्याद्रीतला सोबती