गृहमंत्री साहेब, स्टेडियमच्या गेटबाहेरच्या रांगेकडे बघा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, मी लहानपणापासून मैदानात जाऊन मॅच बघणारा माणूस आहे, आधी वडलांचा हात धरून जायचो आणि आता पोरीला घेऊन जातो. मागे एका आयपीएल मॅचला आम्ही गेटबाहेर सव्वा तास उभे होतो, कुठल्या मैदानावर ते लिहीत नाही कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच बघितलंय. झडती घेणारे मोजके, तेही प्रत्येकाची नाणी, पाण्याची बाटली, पॉवर बँक काढून घेतायत, लोकं हुज्जत घालतायत, मागून रेटा वाढतोय, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बॅरिकेड. आणि ह्या गर्दीतल्या एकाचीही बॅग तोपर्यंत कोणी उघडून बघितलेली नव्हती. पोरगी विचारत होती बाबा कधी आत जायचं, आणि मला सारखं २०१० चं बंगळुरू आठवत होतं.

१७ एप्रिल २०१०, चिन्नास्वामी स्टेडियम, आपल्या मुंबई इंडियन्सचीच मॅच होती. मॅच सुरू व्हायच्या आधी बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी स्फोट झाले, लोकं जखमी झाली, मॅच तासभर उशिरा सुरू झाली आणि मग सेमीफायनल तिथून हलवून नवी मुंबईला डी. वाय. पाटीलवर आणल्या. म्हणजे त्या स्फोटांनंतरची जबाबदारी आपल्याच पोलिसांनी उचलली होती, हे तुमच्या खात्यात कोणाला तरी नक्की आठवत असेल. पॅरिसला १३ नोव्हेंबर २०१५ ला फ्रान्स-जर्मनी मॅच चालू असताना हल्लेखोरांना स्टेडियमच्या आत शिरता आलं नाही, त्यांनी बाहेरच स्वतःला उडवून दिलं आणि बाहेर एक माणूस गेला. लाहोरला २००९ मध्ये श्रीलंकेच्या टीमची बस स्टेडियमकडे येताना रस्त्यावरच गाठली. सगळं गेटच्या बाहेर झालं साहेब! आणि आपला बंदोबस्त मात्र सगळा गेटवर येऊन दाटतो.

त्याच चिन्नास्वामीच्या बाहेर ४ जून २०२५ ला चेंगराचेंगरीत ११ जणं गेली. तो घातपात नव्हता, मला माहितीये, पण जागा तीच, गेटबाहेरचीच, आणि बॉम्ब नसताना जिथे ११ जीव जातात तिथे नुसती अफवा पसरली तरी काय होईल ह्याचा विचार करा. वानखेडेला तर जवळपास सगळं पब्लिक चर्चगेट नाहीतर मरीन लाईन्सला उतरून चालत येतं, तीसेक हजार माणसं दोन-तीन तासांत त्याच गल्ल्यांमधून येतात आणि मॅच संपली की अर्ध्या तासात सगळी एकदम परत. ११ जुलै २००६ ला ह्याच वेस्टर्न लाईनवर काय झालं ते आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

माझं मागणं साधं आहे. पहिली तपासणी लांब रस्त्यावर आणा, तिकीट आणि बॅग तिथेच बघा, म्हणजे गर्दी एका ठिकाणी न साचता पातळ होत पुढे सरकेल. आत पिण्याचं पाणी फुकट आणि भरपूर द्यायला लावा आणि काय आणायचं नाही ते तिकिटावर मराठीत ठळक छापा, निम्मी हुज्जत तिथेच संपेल. मॅच सुटताना गेटवरची माणसं हलवू नका, मँचेस्टरला २०१७ मध्ये कॉन्सर्ट संपून लोकं बाहेर पडत असतानाच स्फोट झाला होता, २२ जीव गेले. आणि ते खाजगी सिक्युरिटीवाले, रोजंदारीवर आलेली विशी-बाविशीची पोरं, त्यांना संशय आला तर कोणाला सांगायचं हे तरी त्यांना माहीत असू दे. मी एकाला विचारलं होतं की इथे बेवारस बॅग दिसली तर तू काय करणार, तो म्हणाला सुपरवायझरला फोन करणार, आणि गर्दीत त्याच्या फोनला नेटवर्कच नव्हतं. एक वॉकीटॉकी आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग, ह्याचा खर्च आयोजकांकडूनच घ्या, बंदोबस्ताचे पैसे घेताच ना त्यांच्याकडून.

पॅरिसची अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाहेर स्फोट झाले तरी मॅच थांबवली नाही, ८० हजारांच्या आसपास माणसं आत होती, ती एकदम घाबरून बाहेर धावली असती तर काय झालं असतं. मॅच संपल्यावर बरीच लोकं मैदानावर उतरून थांबली. असा निर्णय कोणीतरी डोकं शांत ठेवून घ्यावा लागतो. आपल्याकडे त्या क्षणाला तो कोण घेणार, पोलीस, असोसिएशन का फ्रँचायझी? एकाच अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक मॅचच्या आधी ठरलेलं असावं आणि ते गेटवरच्या शेवटच्या पोरापर्यंत पोचलेलं असावं.

येत्या जानेवारीत माझी मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर पळणार आहे, पहाटे उठून प्रॅक्टिस करतेय. मी आणि तिची आई फिनिश लाईनपाशी उभे असू. बॉस्टनला १५ एप्रिल २०१३ ला बॅगेतले कुकर बॉम्ब फुटले ते तिथेच, रस्त्याकडेला, आणि जे तिघे गेले ते पळणारे नव्हते, बघायला आलेले होते, त्यात एक आठ वर्षांचा मुलगा. आमच्या शेजारी येऊन जो कोणी बॅग खाली ठेवेल त्याच्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष असणार आहे, एवढं मला जानेवारीच्या आत कळवाल का?

आपला नम्र,
एक प्रेक्षक आणि एका धावपटूचा बाप