शेपटीचं चाक आणि बाबांची कानस

हिल्सबोरो, ओरेगॉन
रविवार संध्याकाळ

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा बाबा ‘मग आर्म बसला का?’ म्हणाले आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. बसला, मी गॅरेजमध्ये बांधतेय त्या विमानाच्या शेपटीच्या चाकावर. पण कसा बसला ते लिहूनच सांगते. फोनवर आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि विषय तिथंच संपतो.

आई, आधी तुझ्यासाठी. हे माझं विमान, आरव्ही-७, म्हणजे पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं, पोह्याच्या बशीएवढं. त्या चाकाच्या डोक्यावर एक पोलादी आर्म आडवा बसतो. त्याच्या दोन टोकांपासून दोन साखळ्या, स्प्रिंगांसकट, वर रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या वळत्या फळीच्या, दोन्ही बाजूंच्या शिंगांना जातात. पायानं पेडल दाबलं की रडर वळतो आणि त्याच्यामागोमाग हे चाकही.

एवढ्याशा चाकाचं काय कौतुक, असं तू म्हणशील. मामा कारखान्यावर उसाची ट्रॉली रिव्हर्स घ्यायचा ते आठव. पुढे जाताना ट्रॉली मुकाट मागनं येते, मागे घेताना जरा हात चुकला की भसकन आडवी. या विमानाचं तसंच. वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे, म्हणून जमिनीवर पळताना नाक थोडं जरी भरकटलं तरी मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. बहुतेक वेळा माणसं धडधाकट बाहेर येतात, पण पंखाचं टोक नाहीतर पुढच्या चाकांचे पाय कामातून जातात. वेग असेपर्यंत वाऱ्यावर रडर काम करतो. वेग उतरला की तो मलूल, आणि मग भिस्त ब्रेकवर आणि त्या बशीवर.

नाकाखाली चाक असलेलंही मिळतं, ते जमिनीवर सांभाळायला सोपं, हे मला माहीत आहे. बाबा दोनदा बोललेत. पण मला गवताच्या पट्ट्यांवर उतरायचंय. आणि खरं सांगू? हे दिसतं देखणं.

आता बाबा, तुमच्या कामाचं. हँगरसमोर अगदी जागेवर वळायचं असलं की हे चाक आर्मपासून सुटून गोल फिरायला हवं. त्यासाठी आत स्प्रिंगवर एक पिन आहे, ती आर्मच्या खाचेत बसते. ठरावीक कोनापलीकडे गेलं की पिन बाहेर, चाक मोकळं. सरळ आलं की टक्क करून परत आत. इथं ईएए म्हणून हौशी विमानबांधणाऱ्यांची संस्था आहे, 1953 पासूनची. त्यांचे सल्लागार घरी येऊन काम बघून जातात, पैसे घेत नाहीत, चहा मात्र दोनदा घेतात. त्या दिवशी आलेल्या सल्लागार आजोबांनी शेपूट उचलली नि चाक हातानं फिरवलं. उजवीकडे टक्क. डावीकडे काही केल्या सुटेना. बोलले काही नाहीत, चष्म्यावरून नुसते माझ्याकडे बघत राहिले. तुम्ही बघायचात तसे.

ते गेल्यावर मी तुमची ती अर्धगोल कानस काढली, सुटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून आणलेली. खाच जराशी वाढवायची, झालं, असा विचार. बरं झालं आधी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला. तुम्ही म्हणालात, ‘खाचेला हात लावू नको. खाच वाढली की पिन खेळणार, पिन खेळली की चाक थरथरणार. आधी बघ, आत रंग गेलाय का?’

गेला होता. गंजू नये म्हणून मीच हौसेनं जादाचे दोन हात मारले होते, आणि डावीकडच्या कडेला रंगाचा ओघळ सुकून बसला होता. ‘भोकात नि खाचेत रंग कोण मारतंय का?’ हे तुमचं वाक्य आईनंही ऐकलं, आता ती ते जन्मभर वापरणार. मी आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून रंग उतरवला. खाली नखाला लागेल इतका बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा खरखरीत कंगोरा, निघाला, त्याला कानशीचे दोन हात, दाब फक्त पुढे ढकलताना. बोट फिरवलं, पुसलं, ग्रीस लावलं. टक्क. दोन्हीकडे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी गॅरेजमध्ये एकटीच ते चाक डावीउजवीकडे करत बसले होते.

साखळ्या किंचित सैल ठेवल्यात, ताणलेल्या नाहीत. रडर मधोमध धरून दोन्ही बाजूंचा ढिलेपणा सारखा आहे का ते तीनदा पाहिलं. इथं सगळं इंचात, म्हणून तुमचं सूत, इंचाचा आठवा भाग, फार कामाला येतं. इथले लोक ज्या बोल्टला एएन-३ म्हणतात तो जाडीला तीन बटा सोळा, म्हणजे आपला दीड सूत. शेजारचा विद्यार्थी मदतीला येतो, तोही आता ‘दीड सूत’ म्हणायला लागलाय.

आई, तू शेजारच्या काकूंचं ऐकून घाबरू नकोस. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान उभं केलं. मी तर जमिनीवर बांधतेय, तेही दोनच जागांचं. आणि ‘मला बसवणार का’ म्हणालीस त्याचं उत्तर: लगेच नाही. आधी ठरलेले तास चाचणीची उड्डाणं करावी लागतात, इंजिन आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) प्रमाणित जोडीचे असले तर बहुधा 25, नाहीतर 40. तेवढ्यात हौसेखातर कुणाला बसवता येत नाही. तोवर तुझा व्हिसा होऊ दे.

बाबा, एक राहिलं. फिरत्या जोडाला नायलॉकवर, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेल्या नटवर, विसंबायचं नाही, खाचांचा कॅसल नट आणि त्यातून घालून पाय वाकवायची स्प्लिट पिनच, हे तुमचं आणि इथल्या पुस्तकाचं अगदी एकमत. नट बसवलाय, पिन भोकात घातलीय, पण पाय अजून वाकवलेले नाहीत. लाल फीत बांधून ठेवलीय. सोबत तीन फोटो आहेत, एक आरशातून काढलेला, मागची बाजू दिसावी म्हणून. नीट बघा, चष्मा लावून. तुम्ही हो म्हणालात की वाकवते.

तुमची,
लेक