आधी ड्रोन कुणाचा ते कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी गेवराई तालुक्यातली. बचत गटातर्फे प्रशिक्षण घेऊन फवारणीचा ड्रोन चालवते. शत्रूच्या ड्रोनपासून लष्करी तळ, धरणं, वीज केंद्रं कशी राखायची यावर हल्ली बरंच छापून येतं. त्यात तोफा असतात, लेझर असतो, ड्रोन आणि चालक यांच्यातला रेडिओ संपर्क तोडणारा जॅमर असतो. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. वर घिरट्या घालणारा ड्रोन कुणाचा, हे आमच्याकडे आज कुणालाच सांगता येत नाही.

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या खेड्यांनी रात्री जागून काढल्या, हे वाचकांना आठवत असेल. आभाळात दिवे फिरत. कुणी म्हणे चोर टेहळणी करायलेत, कुणी म्हणे सरकारचा सर्व्हे आहे. गच्च्यांवर पोरं, हातात काठ्या आणि बॅटऱ्या. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी कापसावर फवारत होते. दिवसा वाऱ्यानं औषध भरकटतं, म्हणून आम्ही सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर उडवतो. शेवटची दहा लिटरची टाकी होती. एक एकर, सात-आठ मिनिटांचं काम. दिवस मावळायला आला तसे ड्रोनचे दिवे उठून दिसायला लागले आणि बांधावरून ओरडा आला, "आलं बघा, हेच ते!"

पंधरा-वीस माणसं धावत आली. माझे दोन्ही हात रिमोटवर. लोकांपासून लांब उतरवायची धडपड चालू असतानाच दगड आला तो पंख्यावर. ड्रोन तिरका होऊन सरीत आदळला, टाकी फुटली, औषध मातीत गेलं. ज्यानं दगड मारला त्याच्याच सोयाबीनवर मी पंधरा दिवसांपूर्वी फवारणी केली होती. त्याच्यावर माझा राग नाही. तीन रात्री त्याच्या घरात कुणी झोपलं नव्हतं. पुढे पोलीस आले. मी विमान वाहतूक महासंचालनालयाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र दाखवलं, ड्रोनवरचा ओळख क्रमांक दाखवला. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, पण तो नंबर खरा की खोटा, ते कुठे पाहायचं हे तिथं एकालाही ठाऊक नव्हतं. ड्रोन तीन दिवस ठाण्यात पडून राहिला. दुरुस्ती होऊन हातात येईस्तोवर फवारणीचा हंगाम निम्मा सरला होता.

माझं नुकसान भरून निघालं. पण त्या संध्याकाळी माझ्याऐवजी खरोखर वाईट हेतूचा माणूस शेतात उभा असता, तर त्याला आमच्यातून वेगळा कसा ओळखला असता?

आम्ही सरहद्दीपासून लांब आहोत, इथं काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी 1 जून 2025 ची घटना पाहावी. युक्रेननं ट्रकवरच्या लाकडी खोल्यांच्या छपराखाली ड्रोन लपवून रशियात आत खोलवर नेले आणि तळांच्या जवळूनच उडवले. त्यांतला बेलायाचा हवाई तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून लांब होता. असा ट्रक रडारला दिसत नसतो. तो दिसलाच तर ढाब्यावाल्याला, पंपावरच्या पोराला, पोलीस पाटलाला दिसेल. आणि रोज खोट्या हाकाटीनं कंटाळलेला माणूस त्या दिवशी मान वर करून बघणारही नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

माझे दीर सैन्यात एल-70 तोफेवर होते. चाळीस मिलिमीटरची ही तोफ जुन्या बनावटीची, पण मे 2025 मध्ये पाकिस्तानचे ड्रोन पाडायला तीच कामी आली. 8 मेच्या रात्री छत्तीस ठिकाणी तीन-चारशे ड्रोन आल्याचं सरकारनंच सांगितलं होतं. भाऊजी सांगतात, गोळा डागायला शिकणं काही दिवसांचं काम; आपलं का परकं हे ठरवायला शिकण्यात नोकरी जाते. वरून हुकूम नसेल तर तोफ गप्प. शिवाय पाडलेला ड्रोन कुठे तरी पडतोच. त्याच दिवसांत फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ड्रोन घरावर कोसळून कुटुंब भाजलं, त्यातली बाई पुढे दगावली. सैन्याचं हे असं, मग आमच्या गच्चीवरच्या दगडांचं काय बोलावं? जॅमर खासगी माणसाला वापरता येत नाही, ते योग्यच आहे. आणि आता रेडिओऐवजी मागे सोडलेल्या काचेच्या बारीक धाग्यातून हुकूम घेणारे ड्रोन आलेत, त्यांना जॅमर लागूच पडत नाही.

जायकवाडीचे दरवाजे उघडले की नाथसागरावर शूटिंगवाले ड्रोन घेऊन जमतात, मी स्वतः पाहिलंय. सत्तावीस दरवाज्यांच्या त्या धरणावर खाली मराठवाड्याची किती गावं विसंबून आहेत! तिथं आणि परळीच्या औष्णिक केंद्रावर आलेला ड्रोन टिपणारी यंत्रणा चोवीस तास हवी, आणि ती बघणारा माणूस शिकवलेला हवा. युक्रेननं खांबांवर हजारो साधे मायक्रोफोन लावून आवाजावरून ड्रोन हेरलेत, म्हणजे प्रत्येक उपाय कोट्यवधींचाच असतो असं नाही. ड्रोननं उडताना स्वतःचा ठावठिकाणा कळवत राहावं, हे सक्तीचं करण्याची सोय 2021 च्या ड्रोन नियमांत आहे. ती लवकर अमलात आणा. माझ्या ड्रोनला असं यंत्र लावायला मी एका पायावर तयार आहे. त्यानंतर जो गप्प उडेल तो संशयित.

गावासाठी तर याहून कमी पुरेल. तालुक्यातल्या नोंदणीकृत ड्रोनची यादी पोलीस पाटलाकडे असावी. दिवे दिसले तर कुणाला फोन करायचा तो एकच नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पडलेल्या ड्रोनला हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, हे शाळेत सांगावं.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. टाकीवर ओळख क्रमांक वीतभर अक्षरांत रंगवून घेतलाय. अंगात भगवं जाकीट घालते. फवारणीच्या आदल्या दिवशी गट नंबर आणि वेळ गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते आणि ठाण्यात फोन करते. परवा फोन उचलणाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, पण याची नोंद मी कोणत्या रजिस्टरला घेऊ?"

आपली,
एक ड्रोनचालक
ता. गेवराई, जि. बीड