कोच गेला, मॅनेजर राहिला

एडिसन, न्यू जर्सी
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

"आपल्या न्यू यॉर्क जायंट्सनी कोच डेबोलला काढलं, मग मॅनेजर शेनला का ठेवलं?" एवढं एका ओळीत विचारून तू मोकळा झालास. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

डेबोल जायलाच हवा होता, त्यात वाद नाही. डेन्व्हरविरुद्धची अमेरिकन फुटबॉलची मॅच तू पुण्यात पहाटेपर्यंत जागून पाहिलीस. चारपैकी तीन क्वार्टर संपले तेव्हा जायंट्स १९-० पुढे, आणि शेवटच्या एका क्वार्टरमध्ये समोरच्यांनी ३३ गुण ठोकले! गेल्या रविवारी शिकागोत पुन्हा तेच, २०-१० पुढे असताना २४-२० हरलो. दुसऱ्या दिवशी नारळ. जवळजवळ चार हंगामांत २० विजय, ४० पराभव, एक बरोबरी. २०२२ मध्ये याच माणसाला सर्वोत्तम कोचचा मान मिळाला होता, यावर आता विश्वास बसत नाही.

पण संघ बांधला कुणी? आपला जुना कोच बिल पार्सल्स पुढे पॅट्रियट्स संघ सोडताना म्हणाला होता, स्वयंपाक मी करायचा तर बाजारहाटही मला करू द्या. इथे पिशवी, म्हणजे खेळाडू आणायचं काम, शेनच्या हातात होती. मार्च २०२३ मध्ये त्याने क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) डॅनियल जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला आणि पुढच्याच वर्षी त्याला मोकळं करावं लागलं. तोच जोन्स आज इंडियानापोलिसला जिंकून देतोय. आणि चेंडू घेऊन धावणारा सेक्वॉन बार्कली! मालक जॉन मारा एचबीओच्या कॅमेऱ्यासमोर सांगत होता की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण. शेनने तरी जाऊ दिला. तिथे पहिल्याच हंगामात पठ्ठ्याने २००५ यार्ड धाव घेतली आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तेही आपल्या हाडवैऱ्यांकडून खेळून. माराला त्या रात्री झोप लागली की नाही, देव जाणे.

शेनचं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. नेबर्स, स्कॅटेबो, कार्टर ही पोरं त्यानेच आणली, आणि नवा क्वार्टरबॅक डार्ट याच्यासाठी ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीत परत वर जाऊन २५वा क्रमांक मिळवला. मालक याच तरुण पोरांकडे बोट दाखवताहेत. पण बंड्या, हे आपण आधी दोनदा पाहिलंय. २०१६ च्या जानेवारीत कोच कॉफलिन गेला, मॅनेजर रीस राहिला. त्याने मॅकअडूला कोच केलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी काढलं. २०१९ चा हंगाम संपल्यावर कोच शर्मर गेला, मॅनेजर गेटलमन राहिला. मग कोच म्हणून जो जज आला, आणि जानेवारी २०२२ मध्ये सोमवारी गेटलमन निवृत्त झाला, मंगळवारी जजला काढलं. आता ही तिसरी खेप.

यात नवा कोच हकनाक मरतो. ज्याची स्वतःची खुर्ची डळमळतेय तो त्याला आणतो. दोन हंगाम वाईट गेले की दोघेही घरी, आणि मग नवा मॅनेजर आपल्या पसंतीचा कोच शोधणार. तोवर क्वार्टरबॅकचं मातेरं होतं. जोन्सने पहिल्या चार हंगामांत तीन हेड कोच पाहिले. डार्टचं तसंच करायचंय का?

तू म्हणशील, धीर धरायला हवा. २००६ मध्ये कॉफलिनला हाकला म्हणून गावभर ओरड होती. तो राहिला आणि फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये तोवर अपराजित असलेल्या पॅट्रियट्सना १७-१४ हरवलं. पार्सल्सचा तर १९८३ चा जायंट्सबरोबरचा पहिला हंगाम ३ विजय, १२ पराभव, एक बरोबरी असा होता. मान्य. पण तो धीर कोचच्या बाबतीत फळला, मॅनेजरच्या नाही. आणि पार्सल्सच्या वेळी मॅनेजर होता जॉर्ज यंग, तो बाहेरून आलेला. तेव्हाचे मालक वेलिंग्टन मारा आणि त्याचा पुतण्या टिम यांचं तेव्हा बोलणं बंद होतं. (काका-पुतण्यांचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.) शेवटी १९७९ मध्ये लीगच्या कमिशनरला मध्ये पडून यंगचं नाव सुचवावं लागलं. त्याच्या कारकिर्दीत दोन सुपर बोल आले. आजही मालकाचा भाऊ आणि भाचा खेळाडू निवडणाऱ्या विभागात आहेत, त्यामुळे घरचा नसलेला, नाही म्हणू शकणारा माणूस मला आधी हवाय. हंगाम संपताच शेनला निरोप द्यावा, नवा मॅनेजर नेमावा आणि कोच त्याने निवडावा. शेनने निवडलेला कोच कितीही मोठ्या नावाचा असला तरी मला धास्तीच वाटेल.

येत्या रविवारी पॅकर्सशी मॅच आहे, तुझ्याकडे रात्री साडेअकराला. डार्टच्या डोक्याला मार लागलाय, म्हणून विन्स्टन खेळणार. काफ्का हंगामी कोच म्हणून पहिल्यांदाच उभा राहील. जागा असशील तर हाफटाइमला फोन कर. चौथ्या क्वार्टरमध्ये मी कुणाचाच उचलत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अव्या